गर्दीतून उशीर, उशिरातून गर्दी

मुंबईची लोकल समजून घ्यायची असेल तर सकाळी आठ-सव्वाआठला डोंबिवलीच्या फलाटावर जावं आणि गाडीच्या एकाच दरवाज्याकडे लक्ष ठेवावं. रोजच्या माणसांना सेकंड क्लासचं दार नेमकं कुठे येणार हे पाठ असतं. गाडी दिसण्याआधीच तिथे पंचवीस-तीस जण गोळा झालेले असतात. पाठीवरच्या बॅगा छातीवर आलेल्या असतात, मोबाइल खिशात खोल गेलेले असतात. गाडी येते तीच दारात लटकलेल्या माणसांसकट. ती पुरती थांबण्याआधी पहिले दोन-तीन जण दांडा पकडून आत झेपावतात आणि त्यांच्यामागे बाकीचे एकदम सरसावतात. आतून आवाज येतो, ‘जागा नाही, मागची पकडा.’ बाहेरून उत्तर जातं, ‘आत सरका, मध्ये मोकळं आहे.’ ज्याला इथे उतरायचंय तो या लोंढ्याच्या उलट दिशेने वाट काढत असतो. सुटायची वेळ होते तेव्हा दोघांचा एकेक पाय फूटबोर्डवर असतो, एकाचे दोन्ही पाय फलाटावरच असतात. गार्डची बेल होते, गाडी हलते आणि शेवटचा माणूस तिच्याबरोबर चार पावलं धावून पाय टेकवतो.

वेळापत्रकात अशा थांब्यासाठी धरलेला वेळ सेकंदांतच मोजावा लागतो. दारातल्या झटापटीत दहा-पंधरा सेकंद जादा जातात आणि त्या दिवसाचा उशीर सुरू होतो.

मुंबईकर प्रवासी दोन तक्रारी करतो. एक, गाडी वेळेवर येत नाही. दोन, आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेही या तक्रारींना वेगवेगळी उत्तरं देते. पहिलीला तांत्रिक बिघाडाचं, दुसरीला वाढत्या लोकसंख्येचं. प्रत्यक्षात हे दोन आजार नाहीत, एकच आहे. गर्दीमुळे गाडी रखडते आणि रखडलेल्या गाडीमुळे गर्दी वाढते. म्हणूनच लोकलला पर्याय म्हणून जे काही मांडलं जातं, मग ती मेट्रो असो, एसी लोकल असो, सागरी सेतू असो की कचेऱ्यांच्या बदललेल्या वेळा असोत, त्याला या प्रकरणात एकच प्रश्न विचारायचा आहे. त्याने डोंबिवलीच्या त्या दारातली गर्दी कमी होते का?

दहा सेकंदांचं गणित

समजा, एका मार्गावर दर चार मिनिटांनी गाडी आहे आणि फलाटावर माणसं सारख्या गतीने येत आहेत. एक गाडी दोन मिनिटं उशिरा आली. आता तिच्यासाठी चार नव्हे, सहा मिनिटांची माणसं उभी आहेत, म्हणजे नेहमीच्या दीडपट. दीडपट माणसांना चढायला वेळही जास्त लागतो. त्यामुळे ती पुढच्या स्टेशनात आणखी उशिरा पोहोचते आणि तिथे आणखी जास्त माणसं तिची वाट पाहत असतात. तिच्या मागची गाडी वेळेवर आहे, तिच्या वाट्याला दोनच मिनिटांची गर्दी येते, ती भराभर पुढे येते आणि लाल सिग्नलला अडकते. आता तिच्याही मागची थांबते. एका दारात गेलेले सेकंद तासाभरात सगळ्या मार्गावर पसरतात.

रिकाम्या व्यवस्थेत असा उशीर विरून जातो, कारण दोन गाड्यांमध्ये मोकळा वेळ शिल्लक असतो. मुंबईत तो शिल्लक नाही. गर्दीच्या वेळी गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावतात आणि सध्याच्या सिग्नल यंत्रणेत त्याहून जवळ आणणं अवघड आहे. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेचा हा स्वभाव असतो: लहान अडथळा मोठा होतो आणि सावरायला फार वेळ घेतो. मोटरमन कितीही कुशल असला तरी हे गणित त्याला बदलता येत नाही.

त्यात एकाच रुळांवर वेगवेगळ्या जातीच्या गाड्या चालतात. कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा या दोन्ही बाजूंना मुख्यतः दोनच मार्गिका आहेत. लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाडी यांना त्याच वापराव्या लागतात. लांबून आलेली एक्स्प्रेस रखडली की तिला वाट देण्यासाठी लोकल बाजूला उभी राहते. दिव्यासारख्या ठिकाणी फाटकाने वर्षानुवर्षं हाच त्रास दिला. रस्त्यावरची वाहनं सोडायला फाटक उघडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात आणि वाहनांच्या गर्दीत ते वेळेत बंद झालं नाही तर थांबून राहतात. शिवाय ओव्हरहेड वायर तुटते, रुळाला तडा जातो, पॉइंट अडकतो. पावसाळ्यात कुर्ला, शीव, मशीद या सखल भागांत रूळ पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो माणसं लोकलमध्ये, फलाटांवर, रुळांवर अडकून पडली. तो दिवस अपवादाचा होता. पण भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की त्याच ठिकाणी पाणी भरण्याचं चुकलेलं नाही.

उशिराला कंटाळलेली माणसं स्वतःची सोय करू लागतात आणि त्यातून गर्दी आणखी वाढते. डोंबिवली-ठाण्याची कितीतरी माणसं आधी उलट दिशेची गाडी पकडून कल्याण किंवा त्याही पुढे जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघते तेव्हा बसून परत येतात. गाडी सुरू होते त्या स्टेशनावर ती आधीच भरलेली असते, म्हणून तिथल्या लोकांशी खटके उडतात. नेहमीचे ग्रुप दार धरून उभे राहतात, कारण आत गेलं तर आपल्या स्टेशनावर उतरता येईल याची खात्री नसते. भांडखोरपणा म्हणून हे सोडून देता येणार नाही. ज्या गाडीवर भरवसा ठेवता येत नाही, त्या गाडीत माणूस आपल्यापुरता भरवसा निर्माण करू पाहतो.

एका चौरस मीटरमध्ये सोळा माणसं

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवास होतात. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून तीन हजारांहून अधिक फेऱ्या चालवतात. जगातल्या मोजक्या उपनगरी रेल्वेंवर एवढा भार असेल. दाटीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात आणि त्यासाठी रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी खास संज्ञा रूढ झाली आहे. तुलनेसाठी पाहायचं तर मेट्रोचे डबे साधारणपणे चौरस मीटरला सहा ते आठ उभे प्रवासी धरून आखले जातात. बारा डब्यांची लोकल अशा वेळी चार हजारांहून जास्त माणसं वाहून नेते.

हे सगळं एका अरुंद भूभागावर घडतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावली, तेव्हा काम आणि वस्ती दोन्ही बेटाच्या दक्षिण टोकाला होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली लोकल निघाली आणि शहराला उत्तरेकडे पसरण्याचा रस्ता मिळाला. घरं पसरली, पण कचेऱ्या, बँका, बंदर आणि मंत्रालय दक्षिणेतच राहिले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. दुसरीकडे कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार ही प्रत्येकी बारा लाखांहून मोठी शहरं झाली. माणसं उत्तरेकडे गेली आणि त्यांची नोकरी रोज सकाळी त्यांना दक्षिणेकडे ओढत राहिली.

बायकांसाठी या ओढाताणीचा अर्थ आणखी वेगळा असतो. सकाळचा डबा, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी आटोपून गाठायची गाडी एकच असते. ती चुकली तर ऑफिसात लेटमार्क आणि संध्याकाळी पाळणाघरात उशीर. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, कारण राखीव डबे अपुरे पडत होते. ते आजही पडतात. लेडीज डब्यात शिरलेली बाई बसलेल्या एकेकीला ‘कुठे उतरणार?’ असं विचारत जाते, दादर किंवा घाटकोपर असं उत्तर मिळालं की ती जागा तिची ठरते. तिच्या आधी कुणी विचारून ठेवलं असेल तर तिचा नंबर त्यानंतर. तीन जणींच्या बाकावर चौथी सीट करून घ्यायची, अर्ध्या मांडीवर तोल सांभाळायचा आणि त्याबद्दल आभारही मानायचे. कुठल्याही नियमावलीत नसलेली ही शिस्त बायकांनी स्वतः घडवली आहे आणि ती बहुतेक वेळा पाळली जाते. त्यांच्या समंजसपणाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण हा समंजसपणा गृहीत धरून व्यवस्था सुधारण्याचं काम लांबणीवर टाकणं हा अन्याय आहे.

मोजावी लागलेली किंमत

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दहा वर्षांपूर्वी दरवर्षी तीन हजारांहून जास्त माणसं मृत्युमुखी पडत. अलीकडे हा आकडा अडीच हजारांच्या आसपास आला आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास मृत्यू रूळ ओलांडताना होतात. त्याखालोखाल गाडीतून पडून. विमान कोसळलं तर देश हळहळतो. इथे ती संख्या वर्षभर थोडी थोडी जमत जाते आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानात विरून जाते.

९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन विरुद्ध दिशांच्या लोकल एकमेकींजवळून गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली होती, ती एकमेकांवर घासली गेली आणि रुळांवर फेकली गेली. त्यात काहींचे प्राण गेले. कामावर निघालेली ही माणसं दारात होती, कारण आत शिरायला जागा नव्हती. रेल्वे अपघातात भरपाईचे दावे उभे राहतात तेव्हा प्रवाशाने दारात उभं राहून बेदरकारपणा केला, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळत, एवढ्या गर्दीत दाराशी उभं राहणं ही प्रवाशाची नाइलाजाने पत्करलेली अवस्था आहे हे मान्य केलं आहे. जून २०२४ मध्ये याच न्यायालयाने, माणसांना गुरांसारखं कोंबून न्यावं लागतं याची लाज वाटायला हवी, अशा आशयाचे ताशेरे ओढले होते.

परळची गोष्ट याहून जुन्या दुर्लक्षाची आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. गिरणी कामगार बहुतेक जवळच्या चाळींतून चालत येत असे. नव्या कचेऱ्यांतला नोकरदार लांबून लोकलने येऊ लागला. चटईक्षेत्र वाढवून मिळालं, स्टेशनाचे जिने आणि पूल मात्र होते तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, लोक आडोशाला एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या अरुंद पुलावर थांबले, मागून गाड्यांची माणसं येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. नवा पूल लष्कराने काही महिन्यांत बांधून फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला केला. जे काम काही महिन्यांत होण्यासारखं होतं, ते व्हायला २३ माणसं जावी लागली. त्या दुर्घटनेतली सर्वांत मोठी वेदना हीच आहे.

प्रवाशांचा राग कधी उसळतो तेही पाहायला हवं. २ जानेवारी २०१५ च्या सकाळी ठाकुर्लीजवळ पेंटोग्राफचा बिघाड होऊन वाहतूक कोलमडली. दिव्यात लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, वाहनं पेटवली गेली. दगडफेकीचं समर्थन करता येणार नाही, त्यात मार बसतो तो मोटरमनसारख्या आपल्यातल्याच माणसाला. पण त्या रागाचं मूळ एका दिवसाच्या बिघाडात नव्हतं. दिव्याची वस्ती झपाट्याने वाढली होती आणि तिथे फास्ट गाडी थांबत नव्हती. तो थांबा मिळाला डिसेंबर २०१६ मध्ये. ‘का थांबलोय, किती वेळ थांबणार’ एवढं स्पष्ट सांगणारी घोषणा वेळेवर झाली तरी निम्मा राग तिथेच निवळतो. तासभर उभ्या असलेल्या माणसाला काहीच न कळणं उशिरापेक्षा जास्त छळतं.

नवे रूळ कुणासाठी?

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे लोकलला स्वतःचे रूळ देणं. ठाणे ते दिवा ही पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या तिच्यावर गेल्या आणि लोकलच्या वेळापत्रकात नव्या फेऱ्यांसाठी जागा झाली. एवढ्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर प्रवाशांना हा दिलासा होता. पण वाढलेल्या छत्तीस फेऱ्यांपैकी बहुतेक एसी निघाल्या.

एसी लोकल पहिल्यांदा २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. तिची दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे कुणी लटकत नाही, कुणी पडत नाही. मे २०२२ मध्ये तिचं साधं तिकीट निम्म्याने स्वस्त केल्यावर प्रतिसादही वाढला. तरी सेकंड क्लासचं किमान तिकीट पाच रुपये आणि एसीचं तीस रुपयांच्या वर, हे अंतर घरकाम करणाऱ्या बाईला किंवा दुकानात काम करणाऱ्या पोराला झेपणारं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी आंदोलन केलं ते याच मुद्द्यावर. साध्या लोकलच्या जागी एसी आली की पुढच्या साध्या लोकलवर दुप्पट माणसं येतात, हे त्यांचं म्हणणं होतं. मध्य रेल्वेला नव्याने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रवाशांना थंड हवा नको होती असं नव्हे. त्यांना परवडणारी फेरी गमवायची नव्हती.

आपल्या कसोटीवर एसी लोकल जादा फेरी म्हणून आली तर उतरते, साध्या फेरीची जागा घेऊन आली तर उतरत नाही. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने साध्या लोकललाही बंद होणारी दारं बसवण्याचं ठरवलं. त्यासोबत हवा खेळती राहील अशी झडपांची रचना आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी. ही दिशा योग्य आहे, पण तिला एक अट आहे. भरलेल्या डब्याचं दार बंद होत नाही आणि दार बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. गर्दी तेवढीच ठेवून दारं बसवली तर प्रत्येक थांब्यावर जास्त सेकंद जातील आणि उशिराचं चक्र आणखी जोरात फिरेल. दारांच्या आधी किंवा निदान दारांबरोबर फेऱ्या आणि डबे वाढायला हवेत.

डबे वाढवणं तुलनेने स्वस्त पडतं. बाराऐवजी पंधरा डबे लावले तर एकही नवी फेरी न घेता एका गाडीची क्षमता पाव पटीने वाढते. पश्चिम रेल्वेने यात बरीच मजल मारली आहे. मध्य रेल्वेवर मात्र फलाटांची लांबी आणि यार्डांची रचना आडवी येते, त्यामुळे अशा गाड्या मोजक्याच आहेत. दुसरा मोठा उपाय सिग्नलचा आहे. गाडी कुठे आहे आणि किती वेगात आहे हे सतत कळवणारी यंत्रणा बसवली तर दोन गाड्यांमधलं सुरक्षित अंतर कमी करता येतं. मॉस्कोच्या मेट्रोत गर्दीच्या वेळी दीड मिनिटाला गाडी येते. मुंबईसाठी अशी यंत्रणा, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि बोरिवली-विरार पाचवी-सहावी मार्गिका यांचा समावेश असलेल्या प्रकल्पाला केंद्राने मार्च २०१९ मध्ये मंजुरी दिली. यातलं प्रत्येक काम त्या दारातली गर्दी कमी करणारं आहे. जमीन मिळवणं, झोपड्यांचं पुनर्वसन, खारफुटीची परवानगी आणि चालत्या रुळांशेजारी काम करण्याची अडचण यांत ही कामं वर्षानुवर्षं रेंगाळतात. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये मिळणारे मोजके तास एवढ्या मोठ्या कामांना पुरत नाहीत.

मेट्रो, मोनो आणि बस

मेट्रोने काय साधलं ते वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गावर स्वच्छ दिसतं. लोकलचे मार्ग उत्तर-दक्षिण, शहराला पूर्व-पश्चिम जोडणी जवळजवळ नव्हतीच. घाटकोपरहून अंधेरीला जायचं तर दादरला गाडी बदलून वळसा घ्यायचा किंवा रस्त्यावर तासभर अडकायचं. ८ जून २०१४ पासून सुमारे ११ किलोमीटरचं ते अंतर वीस-एकवीस मिनिटांत पार होऊ लागलं. दादरच्या पुलावरचा भार त्याने हलका केला. घाटकोपरच्या फलाटांवरचा मात्र वाढवला, कारण मेट्रोची सगळी माणसं त्याच जुन्या जिन्यांवरून लोकलकडे येऊ लागली. नवा मार्ग जुन्या स्टेशनाला जोडताना ते जुनं स्टेशन मोठं करावं लागतं, हा धडा घाटकोपरने दिला.

कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिची लांबी ३३.५ किलोमीटर. काळबादेवी, गिरगाव, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, मरोळ आणि सीप्झ ही लोकलपासून दूर पडलेली कामाची ठिकाणं तिने जोडली. पश्चिम उपनगरांतल्या माणसाला तिचा खरा उपयोग आहे. कल्याण, बदलापूर, कसाऱ्याकडच्या माणसाला ती मुंबईत पोहोचल्यावर भेटते, म्हणजे त्याच्या प्रवासाचा सगळ्यात जाचक भाग संपल्यानंतर. शिवाय दहा ते सत्तर रुपयांचं तिकीट रोज दोनदा काढायचं तर लोकलच्या पासावर घर चालवणाऱ्याचा हिशेब कोलमडतो.

मोनोरेलची कहाणी सावध करणारी आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा आणि मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत ती धावू लागली, पण गाड्या छोट्या आणि फेऱ्या कमी. १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात हार्बरची लोकल बंद पडली, लोक मोनोकडे वळले आणि १०४ टनांच्या मर्यादेवर १०९ टन भार झालेली गाडी उंचावर अडकली. शेकडो प्रवाशांना शिड्यांवरून खाली उतरवावं लागलं. पुढच्या महिन्यात सेवा थांबवण्यात आली. लोकल बंद पडल्यावर तिचा लोंढा पेलेल असं या शहरात दुसरं काहीही नाही, हे त्या संध्याकाळी सगळ्यांना दिसलं.

बेस्टची बस लोकलला पर्याय नसते, ती लोकलची जोडीदार असते. घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून ऑफिस या दोन तुकड्यांचा प्रवास बिनभरवशाचा असेल तर माणूस लोकल गाठण्यासाठी अर्धा तास आधी निघतो आणि तरीही धावतच फलाटावर येतो. वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी लागणाऱ्या शेअर रिक्षांच्या रांगा पाहिल्या की बसची उणीव डोळ्यांत भरते. बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्याही खाली आल्या आणि त्या वर्षी मे महिन्यात किमान भाडं पाचवरून दहा रुपयांवर गेलं. सगळ्या पर्यायांत बस सर्वांत कमी खर्चात आणि सर्वांत लवकर वाढवता येते. तीच आपण आटू दिली, याचं दुःख होतं.

रस्त्याने हा भार उचलता येईल?

जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, त्याच वर्षी मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा. दोन्ही बांधकामं अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोठी आहेत. पण रस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर दोन हजार मोटारी जाऊ शकतात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसं होतात. गर्दीच्या वेळची एकच बारा डब्यांची लोकल याहून जास्त माणसं नेते आणि तीन-चार मिनिटांत तिच्यामागे दुसरी येते. अटल सेतूवर मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये पथकर पडतो. कितीतरी प्रवाशांचा महिन्याभराचा लोकलचा पास याच्या आसपास येतो. लोकलमधली माणसं मोटारीत बसवून लोकल हलकी करायची हा विचार आकड्यांपुढे टिकत नाही. याच रस्त्यांवर बससाठी राखीव मार्गिका ठेवली तर गोष्ट बदलते, कारण पन्नास माणसांची बस मोटारींच्या लांबच लांब रांगेचं काम एकटी करते.

नोकऱ्या कुठे, वेळ कोणती?

सगळ्यांनी साडेनऊ-दहालाच पोहोचायचं हा नियम कुणी निसर्गाने घालून दिलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेने मुंबईतल्या आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या आणि शहरातल्या इतर संस्थांनाही तसं करण्याची विनंती केली. प्रतिसाद थंडच राहिला. तरी उशीर ज्या प्रकारे वाढत जातो ते पाहता या उपायाची ताकद कळते. ऐन गर्दीच्या तासातला दहातला एक माणूस जरी पुढे-मागे सरकला तरी दारातले सेकंद वाचतात आणि उशिराची साखळी सुरू होण्याआधीच तुटते. घरून काम करता येणाऱ्या नोकऱ्यांत आठवड्याचे दोन दिवस सूट दिली तरी हेच साधतं. यासाठी रूळ टाकावा लागत नाही, मालकाची तयारी लागते.

त्याहून खोल उपाय साठ वर्षांपूर्वीच सुचवला गेला होता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. तिचं मर्म घरं हलवण्यात नव्हतं, कामाची ठिकाणं आणि सरकारी कचेऱ्या हलवण्यात होतं. १९७० मध्ये ते उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं, नवी मुंबई उभी राहिली, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. राज्य सरकारचं मुख्य केंद्र मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. वस्ती पलीकडे गेली, सत्ता आणि पैसा अलीकडे राहिला आणि नव्या शहरातली माणसंही हार्बरच्या लोकलला लटकू लागली. ऐरोली, महापे, बेलापूर इथल्या नोकऱ्यांनी पुढे थोडा समतोल आणला आणि ठाणे-वाशी मार्गावर उलट दिशेचा प्रवासही वाढला. कल्याण, भिवंडी, वसई-विरार या पट्ट्यात तशाच प्रतीच्या नोकऱ्या गेल्या तर रिकाम्या धावणाऱ्या डाऊन गाड्या भरतील आणि भरलेल्या अप गाड्या हलक्या होतील. तेच रूळ, त्याच गाड्या जवळजवळ दुप्पट उपयोगी पडतील.

म्हणजे लोकलला पर्याय शोधण्याचा प्रश्नच चुकीचा आहे. ७५ लाखांचा भार दुसरं काहीही उचलू शकत नाही आणि कुणी तसं वचन देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. हा भार वाटून घेणं मात्र शक्य आहे. त्यासाठी लोकलला स्वतःचे रूळ, लांब गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा हवी. स्टेशनाच्या दारात भरवशाची बस हवी. मेट्रो आणि लोकलसाठी एकच परवडणारा पास हवा. कामाच्या वेळा विखुरलेल्या हव्यात आणि नोकऱ्या घरांच्या दिशेने सरकायला हव्यात. यातली काही कामं रेल्वे मंत्रालयाची, काही राज्य सरकारची, काही महापालिकांची आणि काही खासगी मालकांची आहेत. या विभागणीमुळेच प्रवाशाच्या तक्रारीला कुणी एकजण पुरतं उत्तर देत नाही. त्याने ते प्रत्येकाकडून वेगवेगळं आणि नेमकं मागायला हवं. नुसतं ‘लोकल सुधारा’ म्हणून भागणार नाही. या मार्गावर पंधरा डबे कधी, या स्टेशनासाठी बस किती, ही पाचवी-सहावी मार्गिका कुठल्या जमिनीसाठी अडली आहे, असं विचारावं. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हेच प्रश्न विचारावेत आणि उत्तर तारखेसह घ्यावं. रोज चार तास प्रवासात घालवून हे शहर चालवणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहे.